वेलिंग्टन म्हणजे नेमके कोणते?

सूचीकार
आमच्या गावातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांची स्थळनामसूची करण्याचे काम आम्ही काही वाचक मिळून करत आहोत. प्रत्येक स्थळासाठी एक कार्ड आणि त्यावर अंक, वर्ष व पान, अशी साधी पद्धत आहे. बहुतेक नावांना काही अडचण आली नाही, पण 'वेलिंग्टन' या नावाची कार्डे एकत्र केली तेव्हा ती एका गावाची नाहीतच, हे लक्षात आले. 1950 नंतरच्या एका ज्ञातिमासिकात एका गृहस्थांचे चिरंजीव 'वेलिंग्टन येथील शिक्षणक्रम पुरा करून परतले' असे आहे. मार्च 1968 च्या एका अंकात वेलिंग्टनला आपल्या माणसांनी नाव काढल्याचा आनंद आहे. एका प्रवासवर्णनात 'वेलिंग्टन बंदर' येते, एका आठवणीत मुंबईतील 'वेलिंग्टनचे कारंजे', तर दोन ठिकाणी चक्क 'सांगलीचे वेलिंग्टन कॉलेज'.

ही सर्व नावे शेवटी त्या एका इंग्रज सेनापतीवरूनच आली असल्यामुळे 'वेलिंग्टन' असे एकच शीर्षक करावे, आरंभी ड्यूक ऑफ वेलिंग्टनची दोन ओळींची माहिती द्यावी आणि बाकीची स्थळे त्याखाली पोटनोंदी म्हणून लावावीत, असे मला वाटते. जाणकारांचे मत हवे आहे.

निवृत्त_सुभेदार
ज्ञातिमासिकातील चिरंजीव सैन्यात अधिकारी असतील तर ते वेलिंग्टन निलगिरीतले, याविषयी मला शंका नाही. कुन्नूरला लागून असलेली ही छावणी पूर्वी जकतला म्हणून ओळखली जाई. 1852 मध्ये तेथे बराकी बांधायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी निधन पावलेल्या ड्यूकचे नाव पुढे छावणीला मिळाले. डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज तेथे आहे आणि तिन्ही दलांतील निवडक अधिकारी तेथील अभ्यासक्रमाला जातात. माझ्या नोकरीचा शेवटचा काळ तेथेच गेला. आमच्यात कोणी 'वेलिंग्टन करून आला' असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नसे.

या महाविद्यालयाचा आरंभ आपल्या देवळालीत झाला, हे मराठी वाचकांना माहीत असावे. 1905 मध्ये ते देवळालीत सुरू झाले, 1907 मध्ये क्वेट्ट्याला गेले आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचा भाग 1947 मध्ये वेलिंग्टनला आला. त्यामुळे त्याआधीच्या अंकात 'वेलिंग्टन' आले तर स्टाफ कॉलेजचा संबंध लावू नका. तेव्हा ती केवळ थंड हवेची लष्करी छावणी होती.

भूगोल_शिक्षिका
सुभेदार साहेबांच्या म्हणण्याला जोड देते. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर कुन्नूर आणि अरुवनकाडू यांच्यामध्ये वेलिंग्टन नावाचे स्थानक आहे, त्यामुळे उटीच्या प्रवासवर्णनांतही हे नाव येणारच. अलीकडच्या वाचकांना हे गाव 8 डिसेंबर 2021 च्या दुःखद बातमीमुळे माहीत झाले. जनरल बिपिन रावत सुलूरहून स्टाफ कॉलेजकडेच निघाले होते आणि वाटेत हेलिकॉप्टर कोसळले. त्या दिवशी माझ्या वर्गातील मुलांनी, न्यूझीलंडमधील अपघाताची बातमी आपल्याकडे एवढी मोठी का, असे मला विचारले होते.

जुना_क्रिकेटप्रेमी
मार्च 1968 चे कार्ड डोळे मिटून न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला लावा! पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका त्याच दौऱ्यात जिंकली. वेलिंग्टनच्या सामन्यात अजित वाडेकरांनी 143 धावा केल्या आणि त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ते एकमेव शतक ठरले. याच सामन्याच्या दुसऱ्या डावात बापू नाडकर्णींनी 43 धावांत 6 बळी घेतले, म्हणजे एक मुंबईकर आणि एक नाशिकला जन्मलेले गृहस्थ यांनी मिळून तो सामना भारताकडे खेचला. 'आपल्या माणसांनी नाव काढले' हे वाक्य अगदी यथार्थ आहे.

1976 चे अंक हाती आले तर मात्र सूर वेगळा दिसेल. त्या वर्षी त्याच मैदानावर रिचर्ड हॅडलीने दुसऱ्या डावात 23 धावांत 7 गडी बाद केले आणि आपला संघ 81 धावांत गारद झाला.

वाऱ्याचे_शहर
मी गेली बरीच वर्षे त्या वेलिंग्टनमध्ये राहते. जुना_क्रिकेटप्रेमी यांनी ज्या सामन्याचा उल्लेख केला तो बेसिन रिझर्व्ह या मैदानावर झाला आणि त्या मैदानाची जन्मकथा विलक्षण आहे. तेथे पूर्वी तळे होते. समुद्रापासून कालवा खणून त्या तळ्यात जहाजांसाठी आतली गोदी करायची, असे नगररचनेत ठरले होते. 23 जानेवारी 1855 रोजी मोठा भूकंप झाला, आसपासची जमीन वर उचलली गेली, तळ्याची दलदल झाली आणि कालव्याचा बेत बारगळला. ती दलदल उपसून मैदान केले गेले व 1868 मध्ये तेथे पहिला क्रिकेट सामना झाला. त्या मैदानाकडे जाणाऱ्या केंट टेरेस आणि केंब्रिज टेरेस या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातून तो कालवा जायचा होता, असे येथील जुने लोक सांगतात.

गावाच्या नावाचा इतिहासही सरळ नाही. जानेवारी 1840 मध्ये न्यूझीलंड कंपनीचे पहिले वसाहतकरी पेटोनीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या वस्तीचे नाव प्रथम ब्रिटानिया होते. हट नदीच्या पुरामुळे वस्ती बंदराच्या दुसऱ्या बाजूला हलवावी लागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वेलिंग्टन हे नाव आले. 1834 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचा कायदा लॉर्ड्सच्या सभागृहात मंजूर व्हावा म्हणून ड्यूकने मदत केली होती आणि त्या उपकाराची फेड कंपनीच्या संचालकांनी येथे केली. राजधानी मात्र 1865 मध्ये ऑकलंडहून येथे आली. माओरी लोकांचे नाव 'ते व्हांगानुई-आ-तारा', म्हणजे ताराचे मोठे बंदर. आज सरकारी फलकांवर आणि बातम्यांमध्ये ते सर्रास दिसते. सूचीत तेही द्यावे, असे मला मनापासून वाटते.

भूगोल_शिक्षिका
@वाऱ्याचे_शहर, रस्त्यांविषयीचा भाग ऐकीव असेल तर सूचीकारांनी तो कार्डावर घेऊ नये. तळे, भूकंप आणि मैदान एवढे पुरेसे आणि भक्कम आहे.

वाऱ्याचे_शहर
मान्य. तेवढेच घ्यावे.

सांगलीची_माजी_विद्यार्थिनी
सांगलीची दोन्ही कार्डे कृपया या गठ्ठ्यातून तातडीने बाहेर काढावीत. आमचे महाविद्यालय विलिंग्डन आहे, वेलिंग्टन नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते 1919 मध्ये स्थापन केले आणि 1913 ते 1918 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्याला दिले गेले. विलिंग्डन हे इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील वेगळे गाव आहे. विश्रामबागेत रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत कोणीही या नावात गल्लत करत नाही, पण सांगलीबाहेर पडले की लग्नपत्रिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे आमच्या महाविद्यालयाचे वेलिंग्टन होते, आणि त्याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. एवढ्या मोठ्या संस्थेचे नाव नीट लिहिले जावे, ही अपेक्षा जास्त नाही.

फोर्टमधला_वाटाड्या
ताईंच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. कोचीचे विलिंग्डन बेट आणि मुंबईचा विलिंग्डन क्लब यांचेही नाव त्याच गव्हर्नरावरून आले आणि त्यांचीही अशीच गल्लत होते. मुंबईत तर गोंधळाला आणखी वाव आहे, कारण येथे दोन्ही नावे आहेत.

रीगल चित्रपटगृहासमोरच्या चौकातील वेलिंग्टन कारंजे 1865 चे आहे. ड्यूक 1801 आणि 1804 मध्ये मुंबईत येऊन गेला, त्याची ती स्मृती. 1801 च्या मुक्कामाविषयी मी पर्यटकांना आवर्जून सांगतो. तेव्हा तो इजिप्तकडे निघालेल्या मोहिमेसोबत जाणार होता, पण मुंबईत ताप आणि त्वचारोगाने आजारी पडल्यामुळे मागे राहिला. ज्या जहाजातून तो जायचा होता ते जहाज पुढे बुडाले. मुंबईच्या तापाने त्याला अंथरुणाला खिळवले नसते, तर आज या चर्चेतील बहुतेक गावांची नावे वेगळी असती.

केळनाकाठ
मी जालना जिल्ह्यातला. या धाग्यावर निलगिरी आली, न्यूझीलंड आले, मुंबईचे कारंजेही आले, पण असईचे नाव अजून कोणी घेतले नाही. मला ते घ्यावेच लागेल, कारण ज्या माणसाच्या नावाने ही गावे ओळखली जातात त्याची सेनापती म्हणून खरी परीक्षा आमच्या शिवारात झाली.

23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात तळ देऊन होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होता. इंग्रजांचे सैन्य संख्येने फारच कमी होते. आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या सेनापतीला, नदी ओलांडून बाजूने यायचे होते, पण वाटाड्ये सांगत होते की पुढे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. समोरासमोरच्या दोन गावांत ये-जा असणारच आणि ये-जा असेल तर उतारही असणार, एवढ्या अनुमानावर त्याने सैन्य तिकडे वळवले आणि उतार सापडला. आजही पाणी ओसरल्यावर त्या पट्ट्यात उभे राहिले की हे अनुमान किती साधे होते ते कळते. आमच्याकडच्या कोणत्याही गुराख्याने तेच सांगितले असते. पण उतारापलीकडे त्याला जे भोगावे लागले ते साधे नव्हते. पोलमनने तोंड फिरवून नवी फळी उभी केली आणि मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्यांची दीड हजारांहून अधिक माणसांची हानी झाली. वॉटर्लूनंतरही, आपल्या हातून झालेली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारल्यावर तो असईचेच नाव घेत असे.

पुढे 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि 15 डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला. आपली सूची मराठी आहे. तिच्यात वेलिंग्टन शीर्षकाखाली या चार ठिकाणांकडे निर्देश नसेल तर ती अपुरी राहील.

सूचीकार
केळनाकाठ, तुमचा प्रतिसाद सलग दोनदा वाचला. असईची कार्डे आमच्याकडे वेगळी आहेतच. त्यांचा परस्परनिर्देश करणे योग्य होईल का, याचा विचार करतो.

शब्दांची_शिस्त
परस्परनिर्देश करा, पण एका गोष्टीचे भान ठेवा. असईला लढला तो वेलिंग्टन नव्हता, मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. वेलिंग्टन हा किताब त्याला स्पेनमधील तालावेराच्या लढाईनंतर 1809 मध्ये मिळाला. तो रणभूमीवर असल्यामुळे किताबाला साजेसे गावाचे नाव शोधण्याचे काम लंडनमध्ये त्याच्या विल्यम या भावावर आले. घराण्याचे मूळ सॉमरसेट परगण्यातील आणि वेलस्लीशी उच्चाराने जवळचे असे वेलिंग्टन हे गाव त्याच परगण्यात, म्हणून ते निवडले गेले. 16 सप्टेंबर 1809 रोजी त्याने 'वेलिंग्टन' अशी पहिली सही केली. ड्यूक तो 1814 मध्ये झाला.

म्हणून 'वेलिंग्टनने असई जिंकली' हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत कितीही वेळा आले तरी सूचीत लिहू नये. शिवाय थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली त्याच वेळी गव्हर्नर जनरल होता, तेव्हा नुसते 'वेलस्ली' लिहिले तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. मलेशियात पिनांगसमोरच्या किनारपट्टीला पूर्वी 'प्रॉव्हिन्स वेलस्ली' म्हणत, ते थोरल्या भावावरून.

केळनाकाठ
तारखांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यामुळे असई बाजूला पडू नये. असईत कमावलेले नाव नसते तर त्याला स्पेनला कोणी पाठवले असते, असे मला वाटत नाही.

निवृत्त_सुभेदार
केळनाकाठ, तुमच्यासाठी एक गोष्ट सांगतो. वेलिंग्टनच्या छावणीत मद्रास रेजिमेंटचे केंद्र आहे. त्या रेजिमेंटच्या बोधचिन्हात हत्ती आहे आणि तो 'असईचा हत्ती' म्हणूनच ओळखला जातो, कारण त्या लढाईत वेलस्लीच्या सैन्यातील मोठा भाग मद्रासच्या देशी पायदळाचा होता. ज्याच्या नावाची छावणी, त्याच्याच लढाईचा हत्ती तेथील जवानांच्या टोपीवर आहे. मी मराठा पलटणीतला माणूस, त्यामुळे त्या हत्तीकडे पाहताना माझ्या मनात दोन्ही बाजूंचे सैनिक येत. तेथील जुन्या वेलिंग्टन बराकींना आता श्रीनागेश बराकी म्हणतात. माजी लष्करप्रमुख जनरल श्रीनागेश कोल्हापूरला जन्मले होते.

फ्लोरिडातील_मराठी
मूळ धाग्यातील 'सर्व नावे त्या एका सेनापतीवरूनच आली' या विधानाला माझा आक्षेप आहे. आमच्या फ्लोरिडा राज्यातील वेलिंग्टन, जे पोलो आणि घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, त्याचा ड्यूकशी काहीही संबंध नाही. ती जमीन चार्ल्स ऑलिव्हर वेलिंग्टन या हिशेबतज्ज्ञाच्या मालकीची होती. त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की 'काऊ' होते आणि ते विमानही चालवत, म्हणून त्या मळ्याचे नाव 'फ्लाइंग काऊ रँच', म्हणजे उडत्या गायीचा मळा! पुढे तेथे गाव वसले आणि त्याला त्यांचे आडनाव मिळाले.

वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन तर आता त्या नावाने उरलेलेच नाही. कॅस्केड डोंगरांतील या रेल्वे वस्तीजवळ 1 मार्च 1910 रोजी हिमकडा कोसळून दोन गाड्या दरीत गेल्या आणि 96 माणसे मृत्युमुखी पडली. त्या नावाला चिकटलेली भीती पुसावी म्हणून रेल्वे कंपनीने ठिकाणाचे नाव बदलून 'टाय' केले.

भूगोल_शिक्षिका
आणि इंग्लंडमधील दोन वेलिंग्टन ड्यूकच्या आधीची आहेत. सॉमरसेटच्या वेलिंग्टनने ड्यूकला नाव दिले आणि नंतर त्याच्याच स्मरणार्थ जवळच्या डोंगरावर 53 मीटर उंचीचा तीन बाजूंचा स्तंभ उभारला. श्रॉपशरचे वेलिंग्टन ही जुनी बाजारपेठ आहे आणि आता टेल्फर्ड या नव्या शहरात सामावली आहे. रेल्वेत त्या स्थानकाचे नाव परगण्यासह लिहावे लागते, म्हणजे आपल्या सूचीकारांचा प्रश्न इंग्रजांनाही पडलेला आहे.

बाकीची थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षमळ्यांचे वेलिंग्टन हे पूर्वी 'गाडे बनवणाऱ्यांचे खोरे' अशा अर्थाच्या डच नावाने ओळखले जाई, 1840 मध्ये त्याचे नाव बदलले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एक आहे, चिलीच्या दक्षिण टोकाकडे वेलिंग्टन बेट आहे, आणि कोलकात्याचा वेलिंग्टन चौक आता राजा सुबोध मल्लिक यांच्या नावाने आहे. टास्मानियातील होबार्ट शहरामागच्या माउंट वेलिंग्टनला 2013 पासून 'कुनान्यी' हे तेथील मूळ रहिवाशांचे नाव जोडून लिहितात.

दख्खनी_वाटसरू
कोलकात्याने जे केले तेच सर्वत्र व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने आपले किल्ले घेतले त्याचे नाव आपल्या छावणीवर आणि आपल्या चौकात का असावे?

वाऱ्याचे_शहर
तुमची भावना मी समजू शकते. येथे मात्र दोन्ही नावे शेजारी लिहिण्याचा मार्ग लोकांनी स्वीकारला आहे आणि त्यामुळे जुने नाव माहीत नसलेल्या मुलांनाही ते कळू लागले आहे. सूचीच्या दृष्टीने तर जुने नाव पुसणे धोक्याचेच आहे, कारण 1930 च्या अंकात जे छापले आहे ते आपण बदलू शकत नाही.

शब्दांची_शिस्त
अगदी योग्य. छापील नाव जसेच्या तसे आणि पुढे आजचे नाव, हीच शिस्त.

सूचीकार
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शीर्षक करण्याचा विचार सोडून दिला आहे. आता 'वेलिंग्टन, निलगिरी', 'वेलिंग्टन, न्यूझीलंड', 'वेलिंग्टन कारंजे, मुंबई' अशी स्वतंत्र शीर्षके होतील आणि पहिल्या दोहोंना जकतला व ते व्हांगानुई-आ-तारा हे पर्यायी निर्देश असतील. ड्यूकची नोंद व्यक्तिनामसूचीत जाईल आणि तेथून असई, अडगाव, गाविलगड व अहमदनगर यांच्याकडे 'वेलस्ली, आर्थर' या नावाने निर्देश केला जाईल. सांगलीची कार्डे 'विलिंग्डन महाविद्यालय' येथे हलवली आहेत आणि छापील चुकीचे रूप कंसात ठेवले आहे, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडेल.

फक्त प्रवासवर्णनातील 'वेलिंग्टन बंदर' अजून सुटलेले नाही. लेखक आगबोटीने आला, एवढेच त्या पानावर आहे.

फोर्टमधला_वाटाड्या
सूचीकार, अपोलो बंदराचे एक नाव वेलिंग्टन पिअर असे होते. गेटवे ऑफ इंडियाच्या आधीपासून बोटीचे प्रवासी तेथे उतरत. मराठी माणूस त्याला पालवा बंदर म्हणत असे. पुढच्या पानावर 'पालवा' हा शब्द, किंवा कुलाबा, किंवा व्हिक्टोरिया गाडी असे काही येते का, ते पाहावे.

सूचीकार
पुढच्या पानावर तिसऱ्या ओळीत 'पालव्यावर सामान उतरवून घेतले' असे आहे. कार्ड मुंबईच्या पेटीत लावले.